मिसळणाच्या डब्यातले रेझिस्टन्स

मामीची तक्रार साधी होती. जेवणाच्या टेबलावर गेले दोन महिने एका इन्व्हर्टरचा उघडा सांगाडा पडून होता आणि ती दोघं टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन जेवत होती. "तुझं ऐकतील ते," ती फोनवर म्हणाली. "तू कॉम्प्युटरवाला ना? काहीतरी पद्धतशीर करून दे त्यांना."

मामा चिंचवडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या बंद केलेल्या बाल्कनीत टेबल टाकलं आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या वस्तू दुरुस्त करायला लागले. अ‍ॅम्प्लिफायर, इंडक्शन शेगडीचे बोर्ड, इन्व्हर्टर, कधी कुणाचा जुना रेडिओ. मजुरी घेत नाहीत, लागलेल्या मालाचे पैसे तेवढे घेतात. त्यामुळे कामं कधी संपत नाहीत.

बाल्कनी ७ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. एका बाजूला टेबल, समोर अँगलचं रॅक, रॅकवर श्रीखंडाचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आंब्याच्या दोन पेट्या, होमिओपॅथीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या. टेबलाखाली जुने बोर्ड, इतके की खुर्चीत बसल्यावर पाय लांब करता येत नव्हते. खिडकीच्या वर जाळी फाटलेली आणि तिथून येणाऱ्या कबुतरांनी एका स्पीकरच्या खोक्यात संसार मांडलेला. मे महिन्याच्या शेवटी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा देखावा होता. तिथून खंडेनवमीपर्यंत काय केलं, काय फसलं आणि काय टिकलं ते लिहून ठेवतोय. फसलेलं जास्त लिहिणार आहे, कारण ते माझ्या डोक्यातून निघालं होतं.

आधी बॅटऱ्या

आवरायला सुरुवात करण्याआधीच एका डब्याने घाम फोडला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले २०-२२ सेल होते, ते १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. त्यांच्याच सोबत सुटे स्क्रू, दोन नाणी आणि एक फुगलेली मोबाईलची बॅटरी. पत्र्याचा डबा, सुटं लोखंड आणि लिथियमचे सेल. एखादा स्क्रू सेलच्या टोकावर आडवा पडला असता तर तो लाल होईपर्यंत तापला असता, आणि पुढचं बघायला मामी घरात होतीच.

मामांना हे माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात त्यांनी दुसऱ्यांना हेच शिकवलं होतं. "अरे, तात्पुरतं ठेवलं होतं," ते म्हणाले. किती दिवस? "मागच्या दिवाळीपासून असेल."

त्याच संध्याकाळी मीटर लावून एकेक सेल तपासला. २ व्होल्टच्या खाली गेलेले सगळे बाजूला, ते परत चार्ज करायचेच नाहीत. उरलेले प्रत्येकाला वेगळा खण असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, साधारण अर्धे चार्ज करून. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर चिकटपट्टी. फुगलेली बॅटरी कोरडी माती भरलेल्या कुंडीत घालून खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये, आणि शनिवारी ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे.

टिंबं

मी घरून एक तक्ता बनवून नेला होता. त्यात रेझिस्टन्स (वीज अडवणारे), कंडेन्सर (वीज साठवणारे), डायोड, ट्रान्झिस्टर अशा सुट्या भागांचे रकाने, प्रत्येकाला खणाचा नंबर. मामांनी तो बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. पण आधी मी काय शोधतो ते तरी बघ."

सूचना त्यांची, श्रेय त्यांचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी एक कागद टाचला. एक मिनिटाहून जास्त वेळ काही शोधावं लागलं की मामांनी कागदावर टिंब द्यायचं आणि पुढे वस्तूचं नाव लिहायचं. ११ दिवसांत ४३ टिंबं झाली.

त्यांची फोड अशी. हातातली हत्यारं १७ वेळा: बारीक चिमटा, कटर, लहान स्टार स्क्रूड्रायव्हर. उघडलेल्या वस्तूचे स्वतःचे स्क्रू आणि सुटे भाग ९ वेळा. चष्मा ६ वेळा. मीटरच्या वायरी आणि क्रोकोडाइल क्लिपा ५ वेळा. इतर काहीबाही २. आणि ज्यांच्यासाठी मी एवढा तक्ता केला होता ते सुटे भाग, म्हणजे रेझिस्टन्स-कंडेन्सर मंडळी, अवघी ४ वेळा.

मला हे पटलं नाही. चूक मोजलं असणार, असं मनात म्हणून मी माझाच बेत पुढे रेटला.

चौसष्ट खणांचं कपाट

बाजारात मिळणाऱ्या रेझिस्टन्सच्या किमती, म्हणजे पैसे नव्हेत, ओहममधले आकडे, मनमानी नसतात. नेहमीच्या मालिकेत एका दशकात १२ किमती: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. मग तेच आकडे शंभरात, हजारात, पुढे तसंच. १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत मोजलं तर ६१ किमती होतात. मला बाजारात ६४ खणांचं प्लॅस्टिकचं कपाट सापडलं. ६१ किमती, ६४ खण, तीन शिल्लक! दैवी संकेतच वाटला मला तो.

दोन रविवार बसून आम्ही सगळे सुटे रेझिस्टन्स वाचले. म्हणजे मामा वाचत होते आणि मी खणात टाकत होतो. रेझिस्टन्सची किंमत त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांनी लिहिलेली असते. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम. पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७० ओहम. मामांना पट्टे वाचायची गरज पडत नव्हती, ते चेहरे ओळखत होते. प्रत्येक खणावर छापील लेबल लावलं, फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मामीने अंगठा दाखवला.

तीन आठवड्यांनी गेलो तर कपाट तसंच नीटनेटकं होतं आणि टेबलावर सुपारीच्या डब्यात रेझिस्टन्सचा नवा ढीग जमला होता.

हे का झालं ते मामांनी एका कामाच्या वेळी दाखवलं. मी फक्त शेजारी बसलो. अ‍ॅम्प्लिफायरचा एक बोर्ड होता. त्यांनी ४.७ किलोचा खण ओढला, तीन नग काढले, एक लावला. एवढ्यात दुसरी शंका आली, १ किलो काढून बघितला, नको झाला. मग १०० ओहम. तासाभराने काम झालं तेव्हा टेबलावर सात-आठ रेझिस्टन्स पडले होते, पाय थोडे वाकलेले. रात्रीचे साडेदहा. ते परत जागेवर जायला हवे होते तर प्रत्येकाचे पट्टे वाचायचे, ६१ मधला त्याचा खण शोधायचा, ओढायचा, टाकायचा, ढकलायचा. त्यात मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं. एका डोळ्याला तपकिरी तपकिरी दिसतो, दुसऱ्याला लालसर. "काढताना मला गरज असते रे," ते म्हणाले, "म्हणून मी शोधतो. परत ठेवताना मला झोप आलेली असते."

या प्रकरणात मला जे काही कळलं ते या वाक्यातून. मी सगळी मांडणी सापडण्यासाठी केली होती. वस्तू परत जाण्याचा रस्ता मी आखलाच नव्हता, आणि ढीग नेहमी त्याच रस्त्यावर साचतो.

बरं, कपाटाचे खण मागे अडकणारेही नव्हते. घाईत जोरात ओढला की खण हातात. एकदा असे चार खण एकदम खाली आले आणि ४८० रुपयांच्या माझ्या प्रकल्पाने बाल्कनीभर रंगीत शिंतोडे उडवले. मामांनी ते सुपलीत भरले आणि सुपारीच्या डब्यात ओतले.

मामीचा प्रश्न

मामी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर बसून रेझिस्टन्स वेचत होतो. "मोहरी आणि केशर मी एकाच मापाच्या डब्यात ठेवते का?" तिने विचारलं. "रोज लागतं ते मिसळणाच्या डब्यात. बाकीचं बरणीत, वरच्या फळीवर. आणि वाटीत काय आहे ते वाचायला लागत नाही, दिसतं."

तिने जुना मिसळणाचा डबा काढून दिला. स्टीलचा, सात वाट्यांचा, सहा कडेने आणि एक मधोमध. झाकणाला पोचा आलेला म्हणून अडगळीत गेला होता.

आता गंमत बघा. चार पट्ट्यांच्या रेझिस्टन्सचा तिसरा पट्टा म्हणजे पुढे किती शून्यं. काळा असेल तर १० ते ९९ ओहम. तपकिरी असेल तर शेकड्यात. लाल, हजारात. नारिंगी, दहा हजारांत. पिवळा, लाखात. हिरवा, दहा लाखांत. सहा रंग, कडेच्या सहा वाट्या. मधली वाटी जे वाचता येत नाही किंवा ज्याचा तिसरा पट्टा सोनेरी आहे, म्हणजे १० ओहमच्याही खालचा, त्याच्यासाठी.

परत ठेवताना आता किंमत वाचायची नाही. फक्त तिसरा पट्टा बघायचा आणि त्या रंगाच्या वाटीत टाकायचा. दोन सेकंद. काढताना मात्र थोडा वेळ जास्त जातो: लाल वाटीतल्या बारा किमतींमधून पिवळा-जांभळा शोधावा लागतो. वाटी तळहातावर ओतून बोटाने पसरली की अर्ध्या मिनिटात सापडतो. हा अर्धा मिनिट गरज असतानाचा आहे, तो मामा आनंदाने देतात. झोप आलेली असतानाचे दोन सेकंदही ते देतात. हिशेब जुळला.

दोन अपवाद लगेच करावे लागले. निळ्या अंगाचे एक टक्क्याचे रेझिस्टन्स पाच पट्ट्यांचे असतात, तिथे शून्यं चौथा पट्टा सांगतो. ते या डब्यात मिसळले तर गोंधळच. शिवाय निळ्यावर तपकिरी, लाल आणि नारिंगी ओळखणं तरुण डोळ्यांनाही जड जातं. म्हणून ते कागदी पट्टीतून सुटे करायचेच नाहीत, पट्टीवर पेनाने किंमत लिहून लिफाफ्यात. आणि दोन वॅट, पाच वॅट, दहा वॅटचे जाडजूड भाऊ, ज्यांच्या अंगावर आकडाच छापलेला असतो, ते साध्या डब्यात एकत्र. त्यांना वर्गवारीची गरज नाही, पन्नासही नसतील.

चौसष्ट खणांच्या कपाटात आता फ्यूज, एलईडी, प्रीसेट, थर्मिस्टर, लहान स्विच अशी मंडळी राहतात. एकमेकांशी गल्लत होऊच शकत नाही अशी.

७८०५ च्या खणात ७९०५

एक प्रकार असा झाला की जिथे वाचून ठेवण्याला पर्याय नाही तेही समजलं.

जुलैत एक लहान कंट्रोलर बोर्ड आला. पाच व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट ठरावीक ठेवणारा ७८०५ नंबरचा भाग, गेला होता. मामांनी ७८०५ लिहिलेल्या पिशवीतला भाग काढला, लावला, १२ व्होल्ट दिले. बोर्ड मेलेला. पाच व्होल्टच्या जागी धड काहीच नाही. पुढे कुठे शॉर्ट असेल म्हणून एकेक कंडेन्सर उचलून बघितला, ट्रॅक खरवडले, प्रोसेसर गेला अशीही शंका घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी भिंगातून रेग्युलेटरच्या अंगावरचा आकडा वाचला. ७९०५.

दोन्ही तीन पायांचे, एकाच आकाराचे, एकाच काळ्या रंगाचे, पाठीला तोच धातूचा पत्रा. फरक एका आकड्याचा आणि तोही फिकट कोरलेला. पण ७९०५ उणे पाच व्होल्टचा आणि पायांची ओळही वेगळी. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ७८०५ चा पहिला पाय इनपुट आणि मधला ग्राउंड. ७९०५ चा पहिला ग्राउंड आणि मधला इनपुट. पत्राही मधल्या पायाला जोडलेला, म्हणजे ७८०५ चा पत्रा ग्राउंडला आणि ७९०५ चा इनपुटला. नशीब म्हणायचं की काही जळलं नाही.

कधीतरी आवरताना तो "सारखाच दिसतो" म्हणून त्या पिशवीत गेला होता. आवरणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, तो कॉम्प्युटरवाला होता.

तेव्हापासून सारखे दिसणारे पण वेगळे वागणारे भाग शेजारी ठेवत नाही. ७८ ची मालिका रॅकच्या डाव्या टोकाला, ७९ ची उजव्या, आणि ७९ च्या प्रत्येक नगावर मामीच्या नेलपेंटचा लाल ठिपका. ट्रान्झिस्टरचंही तेच. बीसी५४७ ची सपाट बाजू समोर धरली तर पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ त्याच काळ्या अर्धगोल साच्यात येतो आणि त्याचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर. एका वाटीत पडले तर आठवडा जाईल. ट्रान्झिस्टर म्हणून मिसळणाच्या डब्यात नाहीत, होमिओपॅथीच्या बाटल्यांत आहेत. बाटलीच्या अंगावर नंबर आणि पायांचं छोटं चित्र, झाकणावर काहीच नाही. झाकणं बदलतात, हे आमच्याकडे आधीच झालं होतं.

थर्मोकोल, पाऊस आणि कंडेन्सर

मामांच्या आयसी, म्हणजे बऱ्याच पायांच्या चिप, एका थर्मोकोलच्या तुकड्यात खोचलेल्या होत्या, टीव्हीच्या खोक्यातून आलेल्या. दिसायला सुंदर, रांगेत. थर्मोकोल हे स्थिर वीज साठवायला नामी साधन आहे आणि नाजूक मॉसफेट किंवा सीमॉस आयसीला तेवढी पुरते. "तीस वर्षांत काही झालं नाही," मामा म्हणाले. झालं असेल तर कळलं कसं असतं, असं मी विचारलं. "नवीनच खराब निघाली असं म्हणालो असतो," ते हसत म्हणाले आणि थर्मोकोल सोडला. पूर्ण नाही. त्यांनी त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि त्यातून आयसी खोचल्या. सगळे पाय एकमेकांना जोडले गेले की वीज कुठल्या दोन पायांमध्ये साठणार? जुन्या मेकॅनिकांची युक्ती आहे आणि ती चालते. महागाच्या चार-सहा आयसी काळ्या कंडक्टिव्ह फोममध्ये घातल्या.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. दमट हवेत स्थिर वीज कमी साठते, पण भागांचे पाय काळवंडतात आणि त्यांना सोल्डर धरत नाही, ब्लेडने खरवडावे लागतात. बाल्कनीच्या खिडकीतून झड आत येते. म्हणून सगळे सुटे भाग आधी झिपच्या पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी. निळी पुडी गुलाबी झाली की मामी ती तव्यावर गरम करू देत नाही, त्यासाठी बाल्कनीत जुना तवा आहे. कबुतरांची जाळी नवी लावली. स्पीकरच्या खोक्यातलं पिल्लू उडेपर्यंत दोन आठवडे ते खोकं हलवलं नाही, इतका उशीर या कामात धरूनच चालायचा.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी मायक्रोफॅरडनुसार, म्हणजे क्षमतेनुसार, लावणार होतो. मामांनी ते व्होल्टनुसार लावले. २५ पर्यंतचे, ६३ पर्यंतचे, आणि १६० ते ४५० चे तिसऱ्या डब्यात. कारण त्यांचं पक्कं: बदलीला कंडेन्सर शोधताना व्होल्ट कमी चालत नाहीत, जास्त चालतात. शोध तिथूनच सुरू होतो. मग मायक्रोफॅरड, मग जागेत मावतो का ते. पिशवीवर खरेदीचं साल मार्करने. हे कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि गळती वाढते. जुना नग एकदम पूर्ण व्होल्टवर घालायचा नाही, रेझिस्टन्समधून हळूहळू चढवायचा. साल लिहिलेलं नसेल तर कुठला जुना हे कोण सांगणार?

चार ताटं

आता त्या ४३ टिंबांकडे येतो. मी ती दोन महिने बाजूला ठेवली होती आणि खरा गुंता तिथेच होता.

हत्यारांसाठी टेबलामागच्या भिंतीवर प्लायवूडचा तुकडा ठोकला, खिळे मारले, प्रत्येक हत्यार टांगून भोवती मार्करने रेघ ओढली. जागा रिकामी असली की आकृती बघत राहते. यात नवीन काही नाही, कारखान्यात हेच असतं, मामांनीच मोजमाप दिलं. रोज लागणारी फक्त ११ हत्यारं भिंतीवर, बाकी पक्कड-पान्हे पेटीत. सोल्डरिंग आयर्न उजव्या हाताला, कारण मामा उजखोरे. सिरीज लॅम्पचा बोर्ड, म्हणजे शंभर वॅटचा बल्ब ज्याच्यातून दुरुस्त वस्तूला पहिल्यांदा वीज द्यायची, तो डावीकडे भिंतीत कायमचा. तो हलता ठेवला की आळस होतो आणि वस्तू थेट मेनला लावली जाते.

उघडलेल्या वस्तूंचे स्क्रू हा दुसरा गुंता. मामीने चार जुनी स्टीलची ताटं दिली. एक काम, एक ताट. त्या वस्तूचे स्क्रू, बटणं, काढलेले भाग, कागदावर मालकाचं नाव आणि तक्रार, सगळं त्या ताटात. स्क्रू निसटू नयेत म्हणून ताटात जुन्या स्पीकरचा लोहचुंबक ठेवायचं ठरलं. मामीच्या लग्नातल्या जाड ताटाला तो चिकटेना आणि नंतरच्या हलक्या ताटांना घट्ट बसला. उंची स्टील चुंबकाला दाद देत नाही. मामी खूश झाली आणि लग्नातलं ताट परत घेऊन गेली. त्याच्या बदल्यात हलकंच एक आलं.

ताटात ठेवून वस्तूला वीज द्यायची नाही हे सांगायला नको. त्यासाठी लाकडी पाट आहे. घरात जेवायला पाटावर आता कुणी बसत नाही, त्यामुळे तो रिकामाच होता. उघडा बोर्ड पाटावर, पाट टेबलावर, मग सिरीज लॅम्प.

ताटं चार, म्हणून कामं चार. पाचवं आलं तर मामा सांगतात, "ताट रिकामं झालं की फोन करतो." हा नियम त्यांनी दोनदा मोडला, दोन्ही वेळा शेजारच्या आजोबांच्या रेडिओसाठी, आणि दोन्ही वेळा पाचवं काम कुठे गेलं असेल? जेवणाच्या टेबलावर. मामीने ते सोफ्यावर नेऊन ठेवलं, मामांच्या बसायच्या जागी.

भंगार

टेबलाखालच्या जुन्या बोर्डांवरून सर्वांत जास्त वाद झाला. मामांच्या लेखी त्यातला प्रत्येक बोर्ड म्हणजे माल. शेवटी वस्तू धरून भांडण्यापेक्षा यादी केली. जुन्या बोर्डावरून काढायचं ते फक्त ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, मोठ्या चोक, रिले, कनेक्टर, पोटेन्शियोमीटर. म्हणजे जे महाग आहे किंवा बुधवार पेठेत पसोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत चार दुकानं हिंडूनही जुळत नाही. पाव वॅटचे रेझिस्टन्स आणि वापरलेले इलेक्ट्रोलिटिक काढायचे नाहीत. ते काढायला लागणारं सोल्डर-विक, म्हणजे वितळलेलं सोल्डर टिपून घेणारी तांब्याची वेणी, त्यांच्यापेक्षा महाग पडतं. ११ बोर्ड राहिले, बाकीची तीन पोती ई-कचऱ्यात. एक खोकं मात्र मामांनी उघडूच दिलं नाही. त्यावर चिकटपट्टी लावून "नंतर बघू" आणि तारीख लिहिली. ते अजून आहे.

खरेदीची यादी मी कॉम्प्युटरवर ठेवली होती. ती दोन आठवडे टिकली. आता प्रत्येक पिशवीत शेवटचे पाच नग वेगळ्या छोट्या पुडीत आणि पुडीला चिठ्ठी. पुडी फोडावी लागली की चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला. बाजारात जायच्या दिवशी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या खिशात.

खंडेनवमी

नवरात्राच्या आधी पुन्हा ११ दिवस टिंबं दिली. ४३ ची १४ झाली. हत्यारं ३, स्क्रू १, सुटे भाग ३, आणि चष्मा ७. चष्मा एकने वाढला. बहुधा बाकी सगळं सापडायला लागल्यामुळे तोच उरला. सुटे भाग ४ चे ३ झाले, म्हणजे माझ्या चौसष्ट खणांनी आणि सात वाट्यांनी मिळून एक टिंब वाचवलं. जेवणाचं टेबल जुलैत मोकळं झालं होतं.

खंडेनवमीला मामा दरवर्षी हत्यारांची पूजा करतात. सगळी भिंतीवरून उतरवली, फडक्याने पुसली, पाटावर मांडली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजा झाल्यावर मी ती एकेक करून परत टांगत गेलो. दहा आकृत्या भरल्या आणि एक रिकामी राहिली. बारीक वाकड्या टोकाचा चिमटा. पाटावर नाही, पेटीत नाही, चारही ताटांत नाही.

मामा थोडा वेळ रिकाम्या आकृतीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी फोन लावला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एका भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन गेला होता, घाईघाईत, ताट रिकामं करायच्या नादात.

"नमस्कार. हां, मीच. अ‍ॅम्प्लिफायर कसा चाललाय? छान. नाही, सहज... हलवला की आत काही खडखडतं का हो? ... आत्ता चालू आहे? हात लावू नका. आधी स्विच बंद करा, मग प्लग काढा. मी येतोच."

चिमटा ट्रान्सफॉर्मर आणि पेटीच्या पत्र्याच्या मधे उभा अडकला होता. आठ दिवस भजन त्याच्यावरच चाललं होतं. ताटावरच्या कागदावर मामांनी आता मालकाच्या नावाखाली आणखी एक ओळ छापून घेतली आहे: भिंत मोजली का?